आप्पांना काळाच दगड लागतो
पाहुणा आला की आमचे शेजारी आप्पा पाण्याच्या तांब्याआधी त्याच्या हातात दगड ठेवतात. पाहुणा बिचारा आमच्या न्हावरे गावात आलेला असतो कांद्याच्या रोपाची चौकशी करायला. दगडाचं नेमकं काय करायचं, हे त्याला कळत नाही.

हा दगड म्हणजे काळं टुर्मलीन, एक प्रकारचा स्फटिक. आप्पा दौंडला रेल्वेत होते. जुने सोबती राजस्थानाकडून येताना त्यांच्यासाठी हे दगड घेऊन येतात. लोकांच्या फळीवर पितळेचे डबे असतात, आप्पांच्या फळीवर कोळशासारखे काळे तुकडे. आमच्याकडं विहीर खोदली की पांढरे, हिरवट, चमचमणारे स्फटिक फुकटात निघतात. त्यातला एक मी कौतुकानं नेऊन दिला, तर आप्पांनी तो दाराला अडकण म्हणून लावला. "आपल्याला काळंच पायजे," म्हणाले. का, ते काही सांगितलं नाही.

परवा त्यांनी सगळ्यात लांब दगड धुऊन ओट्यावर उभा वाळत ठेवला आणि डेअरीला दूध घालायला गेले. नेमका शनिवार. येणाऱ्याजाणाऱ्या कुणीतरी दगडावर तेल घातलं. ते पाहून दुसऱ्यानं रुईची पानं वाहिली, तिसऱ्यानं शेंदूर फासला. कुणी शनी म्हणे, कुणी म्हसोबा. मीही गोंधळून चप्पल काढली.

आप्पा परतले आणि दगडापुढं खालीच बसले. मला वाटलं होतं, हसतील. पण त्यांचे डोळे भरून आले होते. कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश घेऊन ते घासू लागले. दगडावर उभ्या बारीक रेघा होत्या, त्यांत शेंदूर गच्च बसला होता. असू द्या, लाल चांगला दिसतो, असं मी म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं.

तेवढ्यात आप्पांची बायको, आमच्या काकी, चौकट धरून बाहेर आल्या. साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेली आहे. त्यांनी हात पुढं केला, दगडावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ह्यो कुठला ओ? ह्यो आपला न्हाई."

आप्पांचा चेहरा पडला. त्यांनी पुन्हा पाणी घेतलं, एकेक रेघ मोकळी केली, काकींच्या पदराला पुसून दगड परत त्यांच्या हातात दिला. या वेळी अंगठा वरपासून खालपर्यंत सावकाश गेला.

"अगं बाई, अजमेरचा व्हय," काकी म्हणाल्या आणि दगड मांडीवर घेऊन बसल्या.

आप्पा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "चमकनारं आनलं तर म्या एकट्यानंच बघायचं का? ह्यात मला जेवढं दिसतं, तेवढंच तिलाबी दिसतं."