काळी चारचा निकाल

आमच्या वरच्या मजल्यावरच्या टिपणीस काकांना तुम्ही नुसतं "आज काय उकडतंय हो!" म्हणालात, तरी ते चष्म्यावरून बघत विचारतात, "दुसऱ्या बाजूचं म्हणणं काय?" आता उकाड्याला कसली आलीय दुसरी बाजू? पण आयुष्यभर कोर्टात कारकुनी केलेला माणूस. माणूस निवृत्त झाला, सवय अजून ड्युटीवर आहे.

एकदा मी बायकोवर तणतणत वर गेलो. भाजीत मीठ नव्हतं, त्यावरून सुरू झालेलं तिच्या अंबाडी गावच्या माहेरापर्यंत पोचलं होतं. काकांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि गॅलरीतून खाली हाक मारली, "वंदना, तुझं म्हणणं सांगायला वर ये गं." ती आली, बोलली, चहा पिऊन गेली. जाताना मला म्हणाली, "आता तरी गप ऱ्हा, काका बराबर हायेत." काका निकालाचा अजून एक शब्द बोलले नव्हते!

मी मूळचा अंजूर गावचा पाटील, जन्मलो-वाढलो इथे भिवंडीत. आमच्याकडे भांडण म्हणजे एका बैठकीचं काम. आवाज खाडीपलीकडे जातो, दोन शिव्या इकडून, चार तिकडून, आणि संध्याकाळी हळदीला दोघं शेजारी शेजारी जेवायला. काकांचं तसं नाही. ते आधी ऐकून घेतात, मग पुन्हा ऐकून घेतात. माझं तर डोकंच फिरतं.

आणि हे कोर्ट ते चालवतात कुठे, तर इंटरनेटवर. तंबोऱ्याचं एक फुकट ॲप आहे. फोनवर आपली पट्टी निवडायची, तंबोरा वाजत राहतो, आपण गायचं. काही हौशी पोरांनी मिळून बनवलंय. त्याचा एक फोरम आहे. तिथे वापरणारे लोक तक्रारी करतात, नव्या सोयी मागतात, आणि मुख्य म्हणजे कडाकडा भांडतात. काका तिथले मॉडरेटर. कोणती मागणी मंजूर, कोणती नामंजूर हे त्यांनी ठरवायचं, मग पोरं कामाला लागणार. पगार नाही, शिव्या भरपूर.

मध्यंतरी तंबोऱ्याची पहिली तार पंचमात असावी की निषादात, यावरून दोन गवई असे जुंपले की एकमेकांच्या गुरूंपर्यंत घसरले. मी म्हटलं, "काका, दोघांना हाकला." काकांनी लिहिलं, "दोन्ही पक्षांनी आठ दिवस इथे न लिहिता फक्त रियाज करावा. त्यानंतर मुद्दा शिल्लक राहिल्यास यावे." एक आलाच नाही. दुसरा आला आणि म्हणाला, दोन्ही सोयी द्या, माझं चुकलं. दोन्ही दिल्या.

मीही एकदा अर्ज टाकला. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण काका रोज सकाळी उठल्या उठल्या तंबोरा लावून ठेवतात आणि तो थेट माझ्या उशीवर येतो. गात नाहीत, काही नाही. नुसता लावून चहा पीत बसतात. म्हणून मी लिहिलं, "सातच्या आत हे ॲप वाजू नये अशी सोय करावी." काकांचं उत्तर आलं, "अर्जदाराने संबंधित शेजाऱ्याशी समक्ष बोलून पाहिले आहे काय?"

मी धाडधाड जिना चढलो. "काका, शेजारी तुम्हीच!"

"ते मला इथे कळलं. फोरमवर कसं कळणार?"

अर्ज नामंजूर झाला. एका शेजाऱ्यासाठी सगळ्यांचा तंबोरा बंद ठेवता येत नाही म्हणे. दुसऱ्या दिवसापासून वरचा आवाज मात्र हळू झाला.

त्या तंबोऱ्याची गोष्ट मला ठाऊक होती. काकू, म्हणजे सुमनकाकू, घरी मुलींना गाणं शिकवायच्या. ॲप बनवणाऱ्या पोरांना वेगवेगळ्या पट्ट्यांचे तंबोरे हवे होते, तेव्हा काळी चारचा तंबोरा काकूंनी वाजवून दिला आणि काकांनी तो फोनवर रेकॉर्ड केला. पुढे काकू गेल्या. तंबोरा ॲपमध्ये राहिला. काळी चार म्हणजे बायकांची पट्टी, त्यामुळे गाणं शिकणाऱ्या कितीतरी मुली तोच लावून बसायच्या. तो कोणी वाजवलाय हे फोरमवर एकालाही माहीत नव्हतं. काकांनी सांगितलंच नव्हतं.

मग एक दिवस सांगलीच्या मृण्मयी नावाच्या मुलीची तक्रार आली. काळी चारच्या तंबोऱ्यामागे कसल्यातरी यंत्राची खटखट ऐकू येते, त्याने माझी लय जाते, कृपया स्वच्छ रेकॉर्डिंग टाका. लगेच आणखी काही जणींनी "मलाही येते" म्हणून जोडलं.

काकांनी मला वर बोलावलं. "पाटील, तुझ्या कानाला काही लागतंय का बघ."

मी कान लावून ऐकलं. सरळ स्वच्छ तंबोरा. "काही नाही हो! पोरीचा फोन बिघडला असेल. थांबा, मीच लिहितो दोन ओळी."

"तू काहीही लिहिणार नाहीस," काका म्हणाले, आणि त्यांनी स्वतः लिहिलं, "तक्रारीत तथ्य आढळत नाही."

त्यावर त्या मुलीने फार नम्रपणे विचारलं, "काका, एकदा अगदी शांत जागी जाऊन ऐकाल का?"

मला वाटलं, आता काका चिडतील. ते उठून चप्पल घालायला लागले. "तिचं म्हणणं रास्त आहे. जागा बदलून ऐकायला हवं. तुझी स्कूटर काढ."

शांत जागा शोधायची कुठे? काल्हेरकडे ट्रक, गावात रिक्षा. शेवटी अंजूरला आमच्या गोडाऊनच्या मागे, खाडीच्या बांधावर जाऊन बसलो. एक इअरफोन त्यांच्या कानात, एक माझ्या. काकांनी काळी चार लावली.

खटाक-खट, खटाक-खट.

अहो, अख्खा पॉवरलूम! तंबोऱ्याच्या मागे आमच्या गल्लीतला लूम जोरात चालला होता. काका म्हणाले, "अरे, रेकॉर्डिंग केलं तो शुक्रवार होता! लूम बंद असतात म्हणून मुद्दाम शुक्रवार धरला होता. सुमनने विचारलंसुद्धा, बंद आहेत ना? मी खिडकीत उभा राहून नीट ऐकलं आणि म्हटलं, हो, अगदी शांत आहे."

कोणाची तरी घाईची ऑर्डर असणार. पण लूम चालू आहे हे भिवंडीत जन्मलेल्या माणसाला कळणार कसं? पाळण्यात असल्यापासून तोच आवाज. बंद पडला तरच आम्ही दचकतो. मी पोट धरून हसलो, काकाही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मी थांबलो आणि त्यांचं पाणी काही थांबेना.

"काका, सरळ लिहा ना, हा कोणाचा तंबोरा आहे ते," मी म्हटलं. "तक्रार करायची कोणाची टाप आहे!"

"म्हणूनच नाही लिहायचं. लिहिलं की ती पोर बिचारी तक्रार मागे घेईल, आणि लय तर तिची जातेच आहे. सुमनला कळलं असतं ना, मुलींच्या कानात मी खटखट घालतोय, तर मला घरात घेतलं नसतं."

घरी आल्यावर त्यांनी आधीचा निकाल मागे घेतला. "पाहणीअंती तक्रार खरी आढळली. मंजूर." त्या मुलीने त्यांना हात जोडल्याचं चित्र पाठवलं. थोड्या दिवसांनी ॲपचा नवा अपडेट आला. काळी चारला दुसराच कोणाचा तरी छान, स्वच्छ तंबोरा.

मला राहवेना, मी वर गेलो. काका फोन हातात धरून बसले होते. मी आपलं समजूत घालायला म्हटलं, "काका, जुनी फाईल तुमच्याकडे आहेच की. घरी लावा."

"आहे ना. रोज लावीन." मग म्हणाले, "पण पाटील, इतके दिवस कुठे कुठे मुली सकाळी उठून तिच्या तंबोऱ्यापुढे बसत होत्या. ती गेली तरी तिची शिकवणी चालू होती रे. ती मी बंद केली."

आम्हाला भांडता येतं, हे असलं येत नाही. मी तिथेच जमिनीवर मांडी घातली.

"लावा काका. मी बसतो."

"तुला गाता येतं?"

"न्हाय. म्हणून तर शिकवणीला आलोय."

काकांनी काकूंचा तंबोरा लावला, आवाज मोठा केला. मी डोळे मिटून सगळा जीव एकवटून सा लावला, तशी खालून वंदना धावत वर आली, कोणाला काय झालं म्हणून. काकांनी डोळे पुसले आणि तिलाही बसायला सतरंजी घातली.