वायरीवरची सोयरीक

"टॉकीजात जायचे दिवस गेले! आता पिक्चर सोता चालत घरी येईन!" असं छातीठोकपणे सांगणारा पांढुर्ण्यातला पहिला माणूस म्हणजे रेडिओ-दुरुस्तीवाला गुणवंता. त्यानं नागपूरहून व्हीसीआर आणला आणि कौलांवरून वायर ओढून गल्लीतले चौदा टीव्ही त्याला जोडले. गुणवंतानं आपल्या घरी कॅसेट लावायची, अन् चौदा घरांनी खाटेवर लोळत पाहायची! रविवारी चारला गल्लीत कुत्रंसुद्धा दिसेना.

सगळं झकास होतं, लग्न तेवढं अडलं होतं. "लोकाच्या कौलावर चढते त्या पोट्ट्याले कोण पोरगी देईन?" म्हणत तीन स्थळं परत गेली होती. चौथं आलं सौंसरच्या संत्राबागवाल्या पुंडलिकरावांचं. त्यांची वंदना गुणवंताला एका लग्नात दिसली होती, तेव्हापासून तो रेडिओचे स्क्रू उलटे फिरवत होता. हे स्थळ गेलं तर संपलंच, बाप्पा!

पुंडलिकराव रविवारी चारला मुलगा पाहायला येणार होते. गुणवंतानं ठरवलं, अशी छाप पाडायची की बस! शूटिंगवाल्या दोस्ताचा कॅमेरा मागून आणला, कोपऱ्यात उभा केला, व्हीसीआरला जोडला. बैठकीचं शूटिंग करायचं, अन् शेवटी पाहुण्यांना त्यांचंच दर्शन घडवायचं! "आज पिक्चर नाही," असं गल्लीत सांगूनही आला.

फक्त गल्लीची वायर काढायची राहिली. कॅमेऱ्यातलं चित्र व्हीसीआरमध्ये, व्हीसीआरमधलं वायरीवर, अन् वायरीवरचं थेट चौदा घरांत! आणि गल्लीनं सवयीनं चारला टीव्ही लावलेच होते.

पोहे आले. गुणवंताची माय मनकर्णाबाई सुरू झाली, "आमचा गुणवंता पहाटे पाचला उठते, भाऊ!"

दोन मिनिटांत शेजारच्या सरलाबाई दारात. "काहून खोटं बोलता हो? दहा वाजल्याबिगर डोळा उघडत नाही त्याचा!"

मनकर्णाबाईला ठसका लागला. पुंडलिकराव म्हणाले, "यायले कसं ऐकू गेलं?"

"कान तिखट आहेत त्यायचे," मायनं सावरलं. "पण पोरगा लय शांत. कोणाशी भांडण नाही."

तोच समोरचे रामाजी धोतर सावरत धावत आले. "भांडण नाही? परवाच माह्या अँटेनावरून माह्याशी तासभर भांडला!"

 गुणवंतानं कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरून बाहेर जाणाऱ्या वायरीकडे. मेलो! आता लपवून उपयोग नव्हता. त्यानं आपला टीव्ही लावला, अन् हीच वायर गल्लीतल्या चौदा घरांत जाते असं सांगून टाकलं. पडद्यावर खुद्द पुंडलिकराव, हातात पोह्यांची बशी!

"म्हंजे... मी आता चौदा घरात दिसून राहिलो?"

"हो जी. माफ करा. चूक झाली."

पुंडलिकरावांनी बशी ठेवली. टोपी सरळ केली, मिशीवर हात फिरवला, अन् कॅमेऱ्याकडे तोंड करून गरजले, "रामराम मंडळी! पोरगा कसा आहे, खरं खरं सांगा!"

अख्खी गल्ली दारात लोटली. "झोपाळू आहे!" "तोंडाचा फटकळ आहे!" "पण दारूच्या वाटेले नाही!" आणि रामाजी खाली मान घालून म्हणाले, "भांडला, पण अँटेना त्यानंच नीट करून देली. माह्या बुढीले दवाखान्यात त्यानंच नेलं."

पुंडलिकराव खळखळून हसले. "मी चौकशीले माणूस धाडणार होतो. इथं चौकशीच घरी चालत आली! अशा पोराले नाही म्हणू कसा? काढा साक्षगंधाची तारीख!"

काय तो जल्लोष! गुणवंताला पोरांनी खांद्यावर घेतलं. त्याला वाटलं, आपण पांढुर्णा जिंकलं, सौंसर जिंकलं, आता नागपूर तेवढं राहिलं!

पुढच्या रविवारी त्यानं ऐटीत नव्या पिक्चरची कॅसेट लावली. पाच मिनिटं होतात तोच चौदा घरांतून ओरडा, "बंद कर बे तो पिक्चर! तुह्या घरचं लाव!"

ओरडा ऐकून दारात आलेला गुणवंता तणतणत घरात वळला. दोस्ताला परत द्यायच्या राहिलेल्या कॅमेऱ्यासमोर मनकर्णाबाई नवं लुगडं नेसून, तोंडाला पावडर लावून बसली होती.

"लोक म्हणून राहिले, तर लाव ना बे!"