आजून हवा शे

आमच्या शेजारचे नाना दर रविवारी सकाळी मोटारीखाली आडवे होऊन स्वतःच्या बायकोला हुकूम सोडत असत. धुळ्याला देवपुरात बिऱ्हाड हलवून आम्हाला आठवडाही झाला नव्हता. मी पोहे परतत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून पुरुषी आवाज आला, "दाब. आजून दाब. धरी ठेव. सोडू नको, बठ्ठं वाया जाई." पाठोपाठ बाईमाणसाच्या धापा. माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. मी पटकन हादरणारी बाई आहे असं आमचे हे चारचौघांत सांगतात. पण नव्या गावात, भिंतीपलीकडे काय दाबलं जातंय ते दिसत नसताना, कोण शांतपणे पोहे परतत राहील, तुम्हीच सांगा.

स्टूलावर चढून पाहिलं. अंगणात एक जुनी पांढरी अँबॅसेडर, मागच्या चाकापाशी पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यातले दोन पाय बाहेर आलेले, आणि स्टिअरिंगमागे नऊवारीतल्या एक वयस्क बाई. पदर खोचलेला, नजर समोर, जणू काही गाडी जळगावच्या रस्त्याला लागली आहे. त्यांनी मला पाहिलं आणि घाम पुसत म्हणाल्या, "घाबरू नको माय. ब्रेकनी हवा काढणं चालू शे."

या अक्का. आणि पायजम्यातले ते नाना.

नाना मूळचे शिंदखेड्याकडचे. उभा जन्म कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून गेलेला. आलेला कापूस दोन बोटांत धरायचा, ओढायचा आणि धागा लांब की आखूड ते सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी बोटं काही निवृत्त झाली नव्हती. आमचे हे ओळख करून घ्यायला गेले, तर नानांनी नमस्काराच्या आधी यांच्या बुशशर्टाची बाही चिमटीत धरली. "आखूड धागा. दोन धुण्यांत जाई." मी शेजारीच उभी होते. माझ्या नव्या साडीच्या पदराकडे त्यांचा हात आलेला पाहून मी अशी मागे सरले की कुंडीच फुटली. पुढे कळलं की सत्यनारायणाच्या पूजेत त्यांनी भटजींचं उपरणंसुद्धा तपासलं होतं आणि 'मिलावट शे' असा निकाल दिला होता. भटजी त्या घरी परत गेले नाहीत.

तर ती हवा. ब्रेकच्या नळीत तेल असतं, त्या तेलात हवा शिरली की ब्रेक लागत नाहीत, म्हणून एकानं आत बसून पायडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकामागचं निपल पान्यानं सैल करायचं. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात. मग निपल आवळायचं, तोवर आतल्यानं पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत. सगळ्यात लांबचं चाक आधी. हे सगळं नानांनी मला न विचारता समजावलं. तेल एका पारदर्शक नळीतून काचेच्या बाटलीत पडत होतं. नळी छान आहे हो, मी आपली म्हणाले. "सलाइननी शे," नाना म्हणाले. "हिले दवाखान्यातून सोडलं तवा मागी आनली. बाटलीबी तिथलीच." माझ्या हातात त्यांच्याच घरचा चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला.

दवाखाना कसला, ते अक्कांनी सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात त्यांची उजवी बाजू गेली होती. बोलणं सावरलं, हात सावरला, पाय मात्र रुसून बसला. डॉक्टरांनी व्यायाम दिला होता. अक्कांनी तो जेमतेम सुरू केला आणि सोडून दिला. "पलंगावर पडीसन नुसता पाय हालवायचा, हे काय माणसाचं काम आहे? रिकामटेकडं." आणि त्याच दमात त्यांनी मला एक गोष्ट बजावून सांगितली. माघात रावेरला त्यांच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं, एकुलत्या एक भाचीचं. "भावाच्या दारात मी कोणाच्या खांद्यावर हात टाकून जायची नाही. त्या घरातून मी चालत निघाले होते. चालत जाईन, नाहीतर जायचीच नाही."

आता तुम्हीच विचार करा. ज्या बाईचा उजवा पाय गेलाय, तिलाच हा माणूस दर रविवारी उजव्या पायानं पायडल दाबायला बसवतो. अख्खी कॉलनी रविवारी सकाळी टीव्हीसमोर बसायची आणि इथे या बाईच्या धापा. कोणी म्हणे नाना कंजूष, गॅरेजला पैसे द्यायला नकोत. कोणी म्हणे विक्षिप्त. मी सरळ कुंपणाशी गेले.

"नाना, अहो काही माणुसकी? आमच्या ह्यांना बोलवा, ते दाबतील. नाहीतर मी दाबते."

गाडीखालून आवाज आला, "तुमना पाय मजबूत शे, ताई. तुमनं काम नही."

"पण त्यांना त्रास होतोय."

"होऊ द्या," ते म्हणाले. आणि मग अक्कांना, "दाब. धरी ठेव. आजून हवा शे."

होऊ द्या. माझ्या अंगाची लाही झाली. घरी येऊन मी यांना म्हटलं, असला पाषाणहृदयी माणूस मी जन्मात पाहिला नाही. हे म्हणाले, तू दर बदलीत एक पाहतेस.

असं दिवाळीपर्यंत चाललं. दर रविवारी तेच चार शब्द. मला प्रश्न पडायचा की एवढी हवा येते तरी कुठून. गाडी तर मी फाटकाबाहेर गेलेली कधी पाहिलीच नव्हती.

दिवाळीनंतर आमची मांजर हरवली. शोधत शोधत नानांच्या अंगणात गेले तर बॉनेटमधून बारीक म्याँव म्याँव. अक्का आत झोपल्या होत्या. मी नानांना म्हटलं, बॉनेट उघडा. ते टाळाटाळ करायला लागले. कडी अडकते, सकाळी बघू. मी काही ऐकणाऱ्यातली नाही. कडी ओढली, झाकण वर केलं आणि पाहतच राहिले. गोणपाटावर आमची मांजर, तिची पिल्लं, आणि आजूबाजूला मोकळी जमीन दिसत होती. इंजिन नव्हतंच.

"नाना, इंजिन कुठंय?"

"शिरपूरले. रसवंतीवाल्याकडे ऊस पिळस." मग हळू आवाजात, "दवाखान्याच्या वेळी दिलं."

मी कपाळाला हात लावला. म्हणजे जी गाडी कधीच हलणार नाही तिचे ब्रेक हा माणूस महिनोन्महिने लंगड्या बायकोकडून दाबून घेतोय. मला जे जे सुचलं ते मी बोलले. नाना मांजरीच्या पिल्लाचे केस चिमटीत धरून बघत होते. माझं संपल्यावर त्यांनी एकदा घराच्या दाराकडे पाहिलं.

"ताई, नळीत हवा असली की पायडल मऊ लागस. लोण्यासारखं. मी आधी मुद्दाम हवा भरी ठेवली. पहिल्या रविवारी तिनं पाय ठेवला, तर ते मऊ पायडलबी अर्धंच गेलं. मग दर रविवारी थोडी थोडी हवा काढायची. थोडं थोडं कडक करायचं. पायालाबी कळत नाही, तिलाबी कळत नाही. व्यायाम म्हटलं की ती नाही म्हणेल. काम म्हटलं की उठस. एकदम बठ्ठी हवा काढली असती तर पहिल्याच दिवशी उतरी गयी असती."

मांजरीला न्यायचंही विसरून मी फाटकाकडे वळले. नानाच म्हणाले, राहू द्या, पिल्लं लहान शेत.

त्यानंतरचे रविवार मी भिंतीला कान लावून काढले. "दाब." माझीच मूठ आवळायची. "धरी ठेव." मी श्वास धरायची. पौषात एका रविवारी बराच वेळ झाला तरी 'सोडी दे' ऐकू येईना. मी स्टूलावर चढले. अक्का पाय रोवून बसल्या होत्या, गुडघा थरथरत नव्हता. नाना गाडीखालून बाहेर आले, खिडकीतून आत वाकून पायडलकडे पाहिलं, पाना पायजम्याला पुसला आणि म्हणाले, "हवा गयी."

दोघं लग्नाला निघाले तेव्हा मी फाटकापर्यंत गेले. अक्का काठी घेऊन, हळू, पण कोणाला न धरता चालत होत्या. नाना बॅग घेऊन मागे, मुद्दाम हात लांब ठेवून. मी उगाच खोडी काढली, "अक्का, एस.टी.नं कशाला? मोटार आहे ना. ब्रेक आता एकदम पक्के."

त्या थांबल्या. नाना पुढे रिक्षा बघायला गेले होते. "तिच्यात इंजिन कुठे शे? मांजरं शेत."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी आजारी पडले, पन घाबरले ते. दवाखान्यातून आल्यापासून नुसते माझ्याकडे बघत बसायचे. पलंगाचा पाय धरून. गाडीखाली गेले की तेवढं बघणं थांबे." आणि काठी टेकत रिक्षाकडे गेल्या.

भावाच्या दारात त्या चालत गेल्या. उंबरठ्याशी भावानं हात पुढे केला तो त्यांनी बाजूला सारला, आणि मग आत जाऊन त्याच्याच गळ्यात पडून रडल्या, हे मला नानांनी सांगितलं. भावानं त्यांना माहेरपणाला ठेवून घेतलं, निदान महिनाभर तरी. नाना एकटेच परत आले. पिल्लांना दूध कोण घालणार, म्हणाले. दूध मीच घालत होते, ते त्यांना माहीत होतं.

पुढच्या रविवारी सकाळी मी भाजी चिरत होते. भिंतीपलीकडून आवाज आला, "दाब. धरी ठेव."

मी ताठ झाले. अक्का तर रावेरला. स्टूलावर चढून पाहिलं. मागच्या चाकापाशी तेच दोन पाय. मोटारीचं दार उघडं आणि आत कोणीही नाही. रिकाम्या सीटला ते सांगत होते, "धरी ठेव. सोडू नको." पान्याचा आवाज मात्र नाही.

मी हात धुतले, पदर खोचला आणि फाटक उघडून आत गेले. काही न बोलता सीटवर बसले आणि पायडलवर पाय ठेवला. दगडासारखं कडक होतं. हवेचा बुडबुडाही उरला नव्हता.

आता नाना मला उठवतील, तुमनं काम नही म्हणतील, म्हणून मी दाबून धरून वाट पाहत राहिले. गाडीखाली पाना वाजला. मग नानांचा आवाज आला.

"आजून हवा शे."

"असू द्या," मी म्हटलं. "मी धरून ठेवलंय."