भास्करगुरुजी आणि बुडालेली क्रूझ

अशा जवळ या बरं. काशीला येता, घाटांचे फोटो काढता आणि आम्हा मराठी माणसांच्या दारावरून तसेच निघून जाता, हे काही शोभत नाही. बसा. शेजारच्या भास्करगुरुजींबद्दल सांगते.

हे गुरुजी मेलेल्यांनासुद्धा दटावतात. राजा घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना, की म्हणणार, "जोशीकाका, हट्ट पुरे. मागे तीन जण थांबलेत." मुलगा रडू लागला तर, "रडायचं ते गाडीत रडा. आता पणजोबांचं नाव सांगा." मी म्हणायची, "अहो, जरा मायेनं बोला." तर म्हणायचे, "वहिनी, माया गेलेल्याला अडवते. आपण वाट मोकळी करून द्यायची."

ज्येष्ठात आंधी आली आणि रामनगरसमोर पर्यटकांची दोन मजली क्रूझ बुडाली. बाकीचे हाती लागले, कुणी जिवंत, कुणी मेलेले. दोघे लागलेच नाहीत. एक नागपूरचे काका, आणि दुसरा मधू, क्रूझवर माईकवरून घाटांची माहिती सांगणारा. गुरुजींचा धाकटा भाऊ.

देह मिळाला नाही की आमच्यात पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करतात. नागपूरच्या काकू तयार होईनात. "बोट वर काढेपर्यंत थांबू," म्हणाल्या. गुरुजींनी समजावून, थोडं रागावूनच, त्यांच्याकडून सगळं करवून घेतलं.

मधूचा विषय काढला की मात्र, "पळस चांगला मिळत नाही." मी चुनारहून पानं मागवली. गुरुजींनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "भोकं आहेत यांना."

मग पूर आला, बोट काढायचं काम थांबलं. कार्तिकात पाणी उतरलं तेव्हा क्रेन आली, पाणबुडे दोन दिवस खाली जाऊन आले. ठेकेदार म्हणाला, "पंडितजी, पूरी नाव बालू से भर गई है. अब काटकर ही निकलेगी, टुकड़ों में."

गुरुजी "अच्छा" म्हणाले आणि घराकडे निघाले. मी सोबत होतेच. अर्ध्या पायऱ्या चढून थांबले. अर्ध्या महाराष्ट्राचे पितर मार्गी लावलेला माणूस, पण मला हळूच विचारतो, "वहिनी, एखाद्या खोलीत हवा राहिली असेल का हो?"

पाच महिने झाले होते. मी म्हटलं, "असेल."

तेव्हापासून रोज विचारतात, आणि मी रोज तेच म्हणते.

येत्या सोमवारी बोट कापायला सुरुवात आहे. त्याआधी पुन्हा या, नक्की या. त्या दिवशी गुरुजींजवळ बसायला मी एकटी पुरणार नाही.