कक्ष सतरा, खिडकीजवळ

माझे वडील, उस्ताद रिफअत (आमच्याकडे कारकुनालाही उस्ताद म्हणतात), कैरोच्या इमारत-ओल विभागात एकतीस वर्षे कनिष्ठ निरीक्षक होते. तुमच्या घराच्या भिंतींना ओल नाही, असा दाखला हा विभाग देतो. कैरोत वर्षाकाठी तीन-चार दिवस पाऊस पडतो. त्यामुळे विभागाचे काम अत्यंत समाधानकारक चालले होते.

वडील गेले. शोकमंडपात बिनसाखरेची कॉफी पिऊन निघताना त्यांचे सहकारी उस्ताद वग्दी मला दारात म्हणाले, "काळजी करू नकोस पोरी. रिफअतचा आवाज आमच्याकडे सुरक्षित आहे."

आमच्याकडे तो नव्हता. वडील कधी कुणाला ध्वनिमुद्रण करू देत नसत; आवाज हा काही दस्तऐवज नव्हे, असे त्यांचे मत होते. पण निवृत्तीच्या महिन्यात कार्यालयात नवा माइक आला आणि तो चालतो का हे पाहायला ते अकरा सेकंद बोलले. बोललेले संगणकात गेले आणि नियमानुसार त्याचा बॅकअप झाला.

"चाळिसाव्या दिवसाच्या विधीच्या आत मला ऐकव," आई म्हणाली. "शब्द आठवतात गं. आवाज पुसट व्हायला लागलाय."

विभाग आता वाळवंटातल्या नव्या शहरात गेला आहे. दोन बस बदलून मी तिथे पोहोचले.

"फाइल आहे," उस्ताद वग्दी म्हणाले. "पण परत द्यायची तर मूळ जागी द्यायला हवी. तिसरा मजला, कक्ष सतरा, खिडकीजवळ, टेबल, रिफअत. फोल्डरात फोल्डर, असा मार्ग आहे."

"ती इमारत पाडली ना?"

"पाडली. म्हणूनच देता येत नाही."

"मग दुसऱ्या जागी द्या. मी पेनड्राइव्ह आणलाय."

उस्ताद वग्दींनी पेनड्राइव्ह उलटसुलट करून पाहिला. "याला मजले किती?"

मग त्यांनी 'अन्य ठिकाणी पुनःस्थापना' हा अर्ज काढला. नियम नऊ असा होता: अन्य ठिकाण कोणतेही चालेल, मात्र आतील रचना जशीच्या तशी राहिली पाहिजे. समिती येऊन पाहणी करेल, मग सरकारी गरुडाचा शिक्का बसेल.

"आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो," मी म्हणाले.

"मग एक मजला वर चढा," ते आपुलकीने म्हणाले. "रिफअतसाठी एवढं कराल की नाही?"

आमच्या वर इन्शिराह राहतात. शुब्रा भागातली आमची सगळी गल्ली त्यांना तांत, म्हणजे मावशी, म्हणते. मी तांतना सगळे सांगितले.

"जिवंतपणी कधी चहाला आला नाही तुझा बाप," त्या म्हणाल्या. "आता खिडकीच मागतोय. घे. पण पडदे कालच धुतलेत, समितीला सांग, हात लावायचा नाही."

आम्ही खिडकीशी टेबल लावले, त्यावर संगणक ठेवला. दारावर पाटी ठोकली: इमारत-ओल विभाग, कक्ष १७. पाटीशिवाय मार्ग पूर्ण होत नव्हता.

समितीत तिघे होते. त्यांनी टेबल मोजले, खिडकी उघडून बंद केली आणि विचारले, "कक्ष एक ते सोळा कुठे आहेत?"

"धुवायला टाकलेत," तांत म्हणाल्या.

समितीने 'देखभालीसाठी बंद' अशी नोंद केली आणि रव्याचा गोड बसबूसा खाल्ला. मग एका सदस्याने फाइलचा मालक पुनःस्थापनेच्या वेळी टेबलावर हजर लागतो, हे निदर्शनास आणले.

"ते वारले," मी म्हणाले.

"रजेच्या प्रकारांत तसा रकाना नाही." बराच खल झाला. शेवटी पुनःस्थापना पूर्ण होईपर्यंत मला प्रभारी मालक नेमण्यात आले. वेळ नऊ ते दोन. शुक्रवारी सुट्टी.

वडिलांच्या एकूण फाइली चार हजार तीनशे बारा होत्या आणि त्या ज्येष्ठतेनुसार येणार होत्या. आधी परिपत्रके, मग परिपत्रकांचे खुलासे, मग खुलाशांबाबतची परिपत्रके. आवाज सर्वांत शेवटी, कारण त्याला जावक क्रमांक नव्हता.

दुसऱ्याच दिवशी जिन्यात माणसे उभी होती. वाळवंटात जाण्यापेक्षा तीन मजले चढणे कुणालाही परवडते.

"हे कार्यालय नाही," मी पहिल्या माणसाला सांगितले.

"सगळीकडे तसंच सांगतात, बाई," तो समजूतदारपणे म्हणाला. "उघडतं कधी तेवढं सांगा."

तांत खुर्ची टाकून दारात बसल्या. "रांगेत या! ज्यांच्या घरी खरंच ओल आहे त्यांनी घरी जा, इथं फक्त कोरड्यांचं काम होतं!"

पहिल्या आठवड्यात मी अर्ज नाकारले. दुसऱ्या आठवड्यात घेऊन ठेवू लागले. अर्ज घेतला नाही तर माणूस बसून राहतो. घेतला की उठतो. हे कळायला मला नऊ दिवस लागले. वडिलांना किती लागले होते, ते विचारायचे राहिले. तिसऱ्या आठवड्यात एका म्हातारीला मी दोन प्रती आणायला परत पाठवले. दुसऱ्या प्रतीचे काय करायचे, ते मला ठाऊक नव्हते. पण ते विचारण्याची तिची हिंमत झाली नाही, आणि मला बरे वाटले.

चाळिसाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता शेवटची फाइल आली. मी आईला वर आणले. काळे कपडे सावरत ती अर्जदाराच्या खुर्चीत बसली. जिना खालपर्यंत भरलेला होता. मी बटण दाबले.

आधी खोकला. मग वडील, थोडे घाईत: "एक, दोन, तीन. येतोय का आवाज? येतोय. अहो काका, आज नाही. उद्या या."

मग पूर्ण रांगेने कागदांच्या घड्या घातल्या आणि ती निमूट खाली उतरू लागली.

"याला म्हणतात अधिकारी," कुणीतरी आदराने म्हणाले.

आईने डोळे पुसले. "हाच," ती म्हणाली. "घरीसुद्धा हेच म्हणायचे." मी पुन्हा लावायला हात पुढे केला, तर तिने तो धरला. "उद्या म्हणालेत ना."

दुसऱ्या दिवशी नवाच्या आधी ती रांगेत पहिली होती. तेव्हापासून रोज येते; त्याला आता आठ महिने झाले. पाटी काढण्याबाबत मी अर्ज केला आहे; तो माझ्याच टेबलावर प्रलंबित आहे.

आपणही यावे. येताना आपल्या वडिलांचा आवाज कुठे ठेवला आहे, त्याचा पूर्ण मार्ग दोन प्रतींत लिहून आणावा. 'फोनमध्ये असेल कुठेतरी' हे चालत नाही. कोणता मजला, कोणता कक्ष, कोणती खिडकी? ते अजून असतील, तर त्यांनाच फोन करून विचारा.

काय म्हणता? आज वेळ नाही?

ठीक आहे. उद्या या.