सरसकट नको म्हणणारे राऊतकाका

राऊतकाकांसमोर 'यंदा चिकू गोड आहेत' असं म्हणायची सोय नव्हती. ते हातातलं काम थांबवत, चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "किती खाल्लेत?" आपण म्हणावं, चार. "मग चार चिकू गोड निघाले म्हणा. सरसकट नको."

डहाणू रोडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात त्यांची नोकरी होती. मी गावातल्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. मसोली भागात आमची घरं भिंतीला भिंत लावून होती, त्यामुळे हे 'सरसकट नको' मला दिवसातून चारदा तरी ऐकावं लागायचं. एसटी नेहमी उशिरा येते म्हटलं, की ते गेल्या आठवड्यात वेळेवर आलेल्या दोन गाड्या सांगत. पोरं हल्ली अभ्यास करत नाहीत असं मी एकदा म्हणालो, तर त्यांनी माझ्या वर्गाचा पट मागितला. एका तेराव्याच्या जेवणात कुणीतरी गहिवरून म्हणालं, की गेलेला माणूस सगळ्यांशी प्रेमानं वागायचा. काका पानावरून मान वर करून म्हणाले, "सगळ्यांशी नका म्हणू. माझ्याशी सात वर्षं बोलत नव्हता." आणि पुन्हा श्रीखंडाकडे वळले.

लोक त्यांना हसत आणि टाळत. मला मात्र ते आवडत, कारण त्यांचा हा हेका खोटा नव्हता. पार्सलमध्ये एका व्यापाऱ्याच्या चिकूच्या करंड्या खराब निघाल्या म्हणून दुसऱ्याच्या उघडायला लावल्या, असं त्यांच्या हातून कधी झालं नाही. एकाचं दुसऱ्याच्या माथी मारायचं नाही, हा त्यांचा धर्म होता.

आणि त्या माणसानं मुलगी एकट्यानं वाढवली होती. सुलभा पाच वर्षांची असताना बायको गेली. बहिणीनं मुलीला घेऊन जाते म्हटलं, तर काकांनी नकार दिला. वेणी घालता येत नव्हती, म्हणून पार्सल ऑफिसातल्या सुंभाच्या तीन दोऱ्या खिडकीच्या गजाला बांधून त्यांनी आठवडाभर सराव केला होता. हे मला त्यांच्याच ऑफिसातल्या हमालानं सांगितलं. सुलभा दहावीला जाईपर्यंत तिची वेणी काकाच घालत, आणि ती इतकी घट्ट असे, की माझी बायको मंगल म्हणायची, पोरीचे डोळे तिरळे होतील. त्या घरातून मी कधी चढा आवाज ऐकला नाही. मधली भिंत पातळ होती, म्हणून हे मी खात्रीनं सांगू शकतो.

सुलभाचं लग्न तलासरीला झालं. जावई दिनकर तिथून जवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. दिसायला नीटनेटका, बोलायला गोड, सासऱ्याला वाकून नमस्कार करणारा. काकांनी त्याची चौकशी चार ठिकाणी केली होती. एका ठिकाणी चांगलं ऐकून त्यांचं समाधान होणं शक्यच नव्हतं.

लग्नाला दोन वर्षं झाली असतील, तेव्हा वखारीची ती भिंत रंगली.

एसटी स्टँडसमोर लाकडाची एक वखार होती आणि तिची लांबलचक भिंत दुपारी रस्त्यावर सावली धरायची. तलासरीच्या बसची वाट बघणारे बाप्ये तिला टेकून उभे राहत, विड्या ओढत, तिच्यावरच पिचकाऱ्या मारत. बोर्डीच्या कुसुमताई नावाच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी चार बायका जमवून एक मंडळ काढलं होतं. वखारवाल्याच्या आईला विचारून त्यांनी ती भिंत घेतली आणि पेंटर लावला. एका सकाळी गावानं पाहिलं, तर भिंतीवर इस्त्रीचा शर्ट घातलेला, हात उगारलेला पुरुष होता. समोर बाई नव्हती. नुसता तो, आणि शेजारी हातभर अक्षरं: 'घरात बाईवर हात उगारतोस, बाहेर मान वर करून कसा चालतोस?'

गावात जो काही गदारोळ झाला, तो मी त्यापूर्वी निवडणुकीतही पाहिला नव्हता. चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, आमच्या शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत दुसरा विषय नव्हता. हा पुरुषजातीचा अपमान आहे. बायका डोक्यावर बसतील. बाया मारत नाहीत का, त्यांचं चित्र कुठे आहे? आमच्या ड्रॉइंगच्या सरांचं म्हणणं होतं, की हाताचं प्रमाण चुकलं आहे. एका किराणा दुकानदारानं गुजरातीत विचारलं, की आ कोना माटे छे? म्हणजे हे नेमकं कुणासाठी आहे? पहिल्याच आठवड्यात त्या चित्राच्या तोंडाला कुणीतरी शेण फासलं. मंडळाच्या बायकांनी येऊन ते धुतलं.

पण खरी गंमत वेगळीच झाली. त्या भिंतीला टेकायला कुणी तयार होईना. त्या चित्राखाली उभं राहिलं, तर आपलंच आहे असं लोकांना वाटेल, ही प्रत्येकाला धास्ती. बाप्ये पलीकडे उन्हात घाम पुसत उभे राहू लागले, आणि गंजाडहून भाजी घेऊन येणाऱ्या बाया टोपल्या उतरवून त्या सावलीत बसू लागल्या. इतकी वर्षं त्या उन्हात बसत होत्या, हे तोवर माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

काकांनी भिंत पाहिली आणि सुरुवातीला फक्त मान हलवली. वाक्यरचना सदोष आहे, एवढंच म्हणाले. 'कसा चालतोस' यात कर्ता कोण, ते स्पष्ट नाही.

पुढच्या आठवड्यात सुलभा माहेरी आली. एकटी, सणवार नसताना. स्टँडवर उतरली, तर समोर तीच भिंत. मंगल पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्तानं शेजारी जाऊन आली. मग मला म्हणाली, की सुलभाच्या मनगटावर आणि मानेवर डाग आहेत, आणि ती पदर सोडत नाही.

चार दिवस ती होती. पातळ भिंतीतून मला फार शब्द ऐकू आले नाहीत, कारण त्या घरात कुणी ओरडतच नव्हतं. एकदा मात्र काकांचा आवाज स्पष्ट आला. "किती वेळा झालं?" तिनं काहीतरी सांगितलं. "दोन वर्षांत सहादा. बाकीचे दिवस तो बरा वागला ना? मग माणूस सरसकट वाईट कसा म्हणायचा?"

त्यावर सुलभा काय बोलली, ते मला ऐकू आलं नाही.

पाचव्या दिवशी काका तिला स्वतः बसमध्ये बसवून आले. चिकूची एक करंडी जावयासाठी दिली. मंगल दारात उभी होती. तिनं मला विचारलं, की तुम्ही काही बोलणार नाही का. मी म्हणालो, बापलेकीच्या मध्ये आपण कोण?

त्याच रविवारी काका माझ्याकडे आले. हातात फुलस्केप कागद होते. भिंतीवरच्या त्या जाहिरातीविरुद्ध अर्ज करायचा होता, आणि माझं अक्षर चांगलं म्हणून मी लिहून द्यावा. मी त्यांना इतकं पेटलेलं कधीच पाहिलं नव्हतं. ते येरझारा घालत सांगत होते आणि मी लिहीत होतो. सदर जाहिरातीतील विधान सरसकट स्वरूपाचे असून त्यात अपवादास स्थान नाही. ज्या पुरुषाने आयुष्यात कोणावरही हात उगारलेला नाही, त्यास मान खाली घालून जाण्याची वेळ आणली आहे. कौटुंबिक किरकोळ मतभेदांस असे जाहीर स्वरूप देणे अनुचित आहे. सबब सदर मजकूर पुसण्यात यावा.

'किरकोळ मतभेद' लिहिताना माझं पेन क्षणभर थांबलं. मग मी लिहिलं. पहिली सही काकांची, दुसरी माझी.

बाकीच्या सह्या तीन दिवसांत झाल्या. ज्या काकांना गाव टाळत होतं, त्यांना लोक हाका मारून चहा पाजू लागले. स्टँडमागच्या गल्लीत राहणारा एक जण होता. त्याची बायको महिन्यातून एकदा तरी शेजाऱ्यांच्या ओटीवर रात्र काढायची, हे सगळ्या गावाला ठाऊक. त्यानं तर इंग्रजीत सही केली. शाळेतल्या आम्ही सगळ्यांनी केली. काहींनी बायकांच्याही सह्या आणल्या.

कुसुमताई काकांना भेटायला आल्या, तेव्हा मी तिथं होतो. पांढरं लुगडं, हातात छत्री. त्या चिडल्या नव्हत्या. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला आणि म्हणाल्या, "राऊतसाहेब, तुम्ही कधी मारलं नाही, हे मला माहीत आहे. पण या कागदावर मारणाऱ्यांच्याही सह्या आहेत. त्या तुम्ही वेगळ्या कशा काढणार?"

काकांनी सह्यांचं पान उलटं करून ठेवलं. म्हणाले, "तो अर्जाचा विषय नाही."

कुसुमताईंनी छत्री उचलली आणि त्या गेल्या.

अर्ज वखारवाल्याकडे गेला. एक प्रत गावच्या साप्ताहिकाकडे गेली, आणि त्यांनी ती काकांच्या नावानिशी पहिल्या पानावर छापली. वखारवाल्यानं आईला न विचारता भिंतीवर चुना मारला. महिन्याभरात तिथं बनियनची जाहिरात आली, दंड फुगवलेल्या माणसाची. तिला कुणाची हरकत नव्हती. बाप्ये सावलीत परतले, आणि गंजाडच्या बाया टोपल्या उचलून पलीकडे उन्हात गेल्या. काकांचा सत्कार करायचं घाटत होतं, पण त्यांनी नको म्हटलं.

त्यानंतर सुलभा आली नाही. गणपतीला नाही, दिवाळीला नाही. मंगल विचारायची, तर काका म्हणत, तिच्या घरी काम असेल. दर रविवारी ते स्वच्छ धुतलेला सदरा घालून सकाळच्या बसनं जात आणि संध्याकाळी परत येत. लेकीकडे जातात, असं आम्ही धरून चाललो.

दीडेक वर्षानं एका प्रशिक्षणासाठी मला तलासरीला जावं लागलं. शेवटचा दिवस रविवार होता. दुपारी सुटका झाली आणि बसला वेळ होता, म्हणून मी मोठ्या रस्त्यावरच्या एका चहाच्या हॉटेलात शिरलो. बाहेरच्या बाकावर राऊतकाका बसले होते. समोरचा चहा थंड झालेला, त्यावर साय आलेली. मला पाहून ते दचकले, मग सरकून त्यांनी जागा दिली.

मी विचारलं, सुलभाकडे आलात का? त्यांनी रस्त्यापलीकडच्या घराकडे बोट दाखवलं. बैठं घर, हिरवी खिडकी, खिडकी उघडी.

"मग इथं का?"

"आत जात नाही मी," ते म्हणाले. "दोनदा आणायला गेलो होतो, मास्तर. आली नाही. तो छापलेला अर्ज आहे ना, दिनकरनं कापून घरात ठेवलाय. काही झालं की तिच्यापुढे धरतो आणि मोठ्यानं वाच म्हणतो. खाली बापाचं नाव आहे, तेही वाच म्हणतो." मग म्हणाले, "ती म्हणाली, बाबा, तुमच्या घरी येऊन मी सांगू काय?"

मला तो अर्ज माझ्या अक्षरात दिसत होता.

"रविवारी त्याला सुट्टी असते," काका म्हणाले. "दिवसभर घरी असतो. म्हणून मी इथं बसतो. त्याला दिसतो मी. मी बसलेलो असलो की तो काही करत नाही. निदान रविवारी तरी करत नाही, असं तिनं एकदा सांगितलं."

हॉटेलवाल्याला सगळं ठाऊक असावं. त्यानं न विचारता थंड चहा उचलला आणि दुसरा ठेवला. म्हणाला, काका, आज ऊन बहु छे, आत बसा. काकांनी मान हलवली. आतून खिडकी दिसत नाही, म्हणाले.

तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं. दिनकर बाहेर आला, इस्त्रीच्या शर्टात, पूर्वीसारखाच नीटनेटका. आम्हाला पाहून हसला आणि तिथूनच म्हणाला, "काय बाबा, उन्हात कशाला? आत या की."

"नको," काका म्हणाले. "माझी बस आहे आत्ता."

तो खांदे उडवून आत गेला. दार लागलं. खिडकीत क्षणभर सुलभा आली, मान न वळवता तिनं खिडकीचं दुसरं दारही उघडलं, आणि गेली.

डहाणूची बस आली. मी पिशवी उचलली आणि काकांसाठी थांबलो. कंडक्टर दारातून वाकून बघत होता. काका त्या खिडकीकडे बघत होते.

"तुम्ही जा," ते म्हणाले. "मी शेवटच्या बसनं येतो."