मोहरीच्या वाफ्यावरची लाल पाटी

"शेळीच काय, चिमणीसुद्धा माझ्या मोहरीला चोच लावणार नाही, सर!" सुकेशनीनं संशोधनाचे मार्गदर्शक विश्वजीत सरांना छातीठोकपणे सांगितलं आणि तिथंच माशी शिंकली.

वाळूजकडं प्लेटिंगचा, म्हणजे धातूचा मुलामा चढवण्याचा एक कारखाना कधीचा बंद पडला होता. त्याच्या मागच्या मातीत कॅडमियम हा विषारी धातू मुरलेला. सुकेशनीनं तिथं मोहरी पेरली आणि मुळांशी निवडक जिवाणू सोडले. जिवाणूंनी मुळांना बळ द्यायचं, मोहरीनं धातू पानांत ओढून घ्यायचा, मग पीक उपटून पिंपात बंद करायचं. पेरणीमागून पेरणी, माती स्वच्छ होत जायची! शेजारी तुलनेसाठी दुसरा वाफा, दौलताबादहून आणलेल्या चांगल्या मातीचा. ऐन दुष्काळात टँकरच्या पाण्यावर तिनं दोन्ही वाफे तान्ह्या बाळासारखे जपले. धातूच्या वाफ्यावर लाल पाटी लावली: 'विषारी! शेळ्या घालू नयेत.' राखणीला वॉचमन रामहरीमामा होतेच.

सर पाहणीला येणार होते त्या दिवशी ती रिक्षात असतानाच मामांचा फोन आला.

"ताई, घात झाला! चारा हुडकत आलेल्या त्या बानाबाईच्या शेळ्यांनी सकाळी वाफा साफ केला!"

"कुठला वाफा, मामा?"

"पाटीवाला!"

"शेळ्यांना काही झालं का?"

"त्यांना काय धाड भरलीय? दूध बी देऊन बसल्या. टपरीवर त्याचाच चहा चाललाय. सर दुसरा कप मागायलेत!"

कॅडमियम दुधात फारसं उतरत नाही, हे तिला पाठ होतं. पण त्या 'फारसं'नंच तिचा जीव खाल्ला. सरांना फोन लावला, ते उचलेनात. बेशुद्ध तर पडले नसतील? "दादा, हाणा!" ती रिक्षावाल्यावर ओरडली.

टपरीवर सर ठणठणीत होते. तिनं कप हिसकावला, तो त्यांच्या शर्टावर सांडला. मग दुधाची बरणी उचलून तिनं सरळ मातीत ओतली!

"दूध ओतलं व्हय गं?" बानाबाई काठी घेऊन धावल्या. "येड लागलं का तुला?"

"मावशी, तुम्हाला पाटी दिसली नाही?"

"दिसली की! म्हणून तर तिथं घातल्या. सिल्लोडपासून हिंडत आले, माय. हिरवं दिसलं की विषाची खोटी पाटी! पाटी नाय तिथं नुसती ढेकळं!"

सगळी वरात वाफ्यांकडं निघाली. सुकेशनी पुढं, आणि एकदम थबकली. धातूच्या वाफ्यातली मोहरी पानासकट उभी होती. शेजारचा चांगल्या मातीचा वाफा मात्र ताज्या टकलासारखा, अन् मधोमध लाल पाटी!

"मामा, पाटी इकडं कशी?"

"मीच हलवली, ताई. तुमचं म्हणजे भलतंच! खुरटलेल्या पिकाला पाटी, अन् टरारलेलं पीक उघडं! चांगल्याला नको का धाक?"

शेळ्या वाचल्या, सर वाचले.

"छान," शर्ट पिळत सर म्हणाले. "आता तुलना कशाशी करणार? माझ्या शर्टाशी?"

म्हणजे तुलनेसाठी दोन्ही वाफे एकदमच पुन्हा पेरायचे. पुन्हा बियाणं, पुन्हा टँकर!

नव्या पेरणीला तिनं पाटी स्वतः रंगवली आणि बानाबाईंना बोलावून विनवलं, "मावशी, आता तरी विश्वास ठेवा. हे खरंच विषारी आहे."

"ठिवला. पण माझं ऐक," बानाबाई म्हणाल्या, "पाटीवर 'खरंच' तेवढं लिहू नको. 'खरंच' दिसलं की आमच्यातलं कुणी बी आधी तिथंच शेळ्या घालंल!"

सुकेशनीनं ओढणीचं टोक घेतलं आणि पाटीवरचं ओलं 'खरंच' पुसायला लागली.